आधी व्हीलचेअर मोजा, मग गाडी बघा

काटोल ते नागपूर हे अंतर साठेक किलोमीटरचं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. एसटी आहे, नागपूर-इटारसी मार्गावरची रेल्वे आहे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. पण एसटीची पहिली पायरीच चढवत नसेल, तर फुकट तिकीट काय कामाचं? मग नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवायचं असो, मिहानमधल्या एम्सची तारीख असो की नरखेडला भाचीचं लग्न असो, घरात एकच विषय निघतो: आई-बाबांना नेता येईल अशी गाडी घेऊन टाकू.

इथून पुढे बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी शेजाऱ्याची गाडी डोळ्यांत भरते, मग रंग ठरतो, मग ॲव्हरेज विचारलं जातं. गाडी दारात उभी राहिल्यावर कळतं, की व्हीलचेअर डिक्कीत बसत नाही आणि बाबांचा पाय उंबऱ्यावरून आत जात नाही. तेव्हा आपण सुलट क्रमाने जाऊ: आधी माणूस, मग त्याचं साधन, मग घर आणि रस्ता, आणि सगळ्यात शेवटी गाडी.

१. कुठे अडतं ते विचारा

चालण्याची अडचण एकसारखी नसते. ढोबळपणे चार प्रकार धरा. काठी घेऊन चालणारे. वॉकर धरून चालणारे. धरून उभं केलं तर उभे राहणारे, पण चालू न शकणारे. आणि उभंच राहू न शकणारे. पहिल्या दोन प्रकारांत सीटची उंची आणि हाताला आधार एवढं पुरतं. तिसऱ्यात व्हीलचेअर डिक्कीत मावणं महत्त्वाचं. चौथ्यात साध्या गाडीने भागेलच असं नाही, त्याचं पुढे बोलू.

शिवाय बारीक गोष्टी विचारा. गुडघा किती वाकतो? लकव्यामुळे कुठली बाजू कमजोर आहे? किती वेळ सलग बसवतं? लघवीला वाटेत उतरावं लागतं का? खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर काही काळ कंबरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायला मनाई करतात. अशा माणसाला खोल, खाली गेलेली सीट चालतच नाही. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ, भेटत असतील तर हाच प्रश्न त्यांनाही विचारा.

नेहमीची चूक इथेच होते. “बाबा, कोन्ती गाडी घ्यावं?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “तुले जे पटते ते घे.” त्याऐवजी “ऑटोतून उतरताना कोन्त्या पायाले त्रास होते?” असं विचारा. मग माहिती मिळते.

गाडी आपल्याकडे आठ-दहा वर्षं राहते आणि तेवढ्या काळात शरीर बदलतं. आज काठी असेल तर उद्या वॉकर येईल हे मनात धरून बघा.

२. बसायची उंची मोजा

घरात अशी एखादी खुर्ची किंवा पलंग असतोच, ज्यावरून आई फारसं न कण्हता उठते. त्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. गादी असेल तर आई बसलेली असताना मोजा, कारण गादी दबते. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

गाडी बघताना सीटच्या बाहेरच्या कडेची जमिनीपासूनची उंची याच आकड्याशी ताडून पाहायची. दोन-चार सेंटिमीटर वर चालतं, खाली शक्यतो नको. लांब डिक्कीच्या सेडान गाडीत माणूस खड्ड्यात उतरल्यासारखा बसतो आणि उठताना सगळा जोर गुडघ्यांवर येतो.

याउलट मोठ्या एसयूव्हीत चढावं लागतं. गाडी उंच म्हणजे म्हाताऱ्यांना सोयीची, हा समज जपून वापरा. पाच फुटांच्या आईला उंच सीटवर बसवताना आधी पाय टाकावा लागतो, मग अंग उचलावं लागतं, आणि तेच तिला जमत नसतं. दोहोंच्या मधल्या उंचीच्या गाड्या, म्हणजे वॅगनआरसारख्या उंच छपराच्या छोट्या गाड्या, बऱ्याच घरांना याचमुळे सोयीच्या पडतात.

उंच गाडीला बाजूने पायरी लावून घेऊ, असंही सुचवलं जातं. काठीवर चालणाऱ्याला तिचा उपयोग होतो. व्हीलचेअरवाल्याला मात्र ती आडवी येते, कारण खुर्ची सीटला भिडत नाही आणि मधली फट वाढते.

३. साधनाची मापं घ्या

व्हीलचेअर मिटवा आणि चार मापं लिहा: लांबी, उंची, मिटल्यावरची जाडी आणि वजन. नेहमीच्या लोखंडी घडीच्या खुर्चीचं वजन साधारण १६ ते २० किलो भरतं, ॲल्युमिनियमची त्याहून हलकी असते. मागची मोठी चाकं बहुधा २४ इंची, म्हणजे ६१ सेंटिमीटर व्यासाची असतात. डिक्कीत खुर्ची अडते ती बहुतेक या चाकांमुळे.

वजन बघायला घरातला काटा पुरतो. आधी एकटे उभे राहा, मग खुर्ची उचलून उभे राहा, आणि वजाबाकी करा. खुर्ची रोज डिक्कीत कोण उचलून ठेवणार, हेही आत्ताच ठरवा. मुलगा दिवसभर संत्र्याच्या बागेत असेल आणि सून किंवा नात नेणार असेल, तर १८ किलो उचलून कंबरेएवढ्या उंचीवर ठेवणं तिला जमतं का ते पाहा.

बऱ्याचदा गाडी बदलण्यापेक्षा खुर्ची बदलणं स्वस्त पडतं. लहान चाकांची, दुसऱ्याने ढकलायची, हलकी प्रवासी व्हीलचेअर मिळते. ती छोट्या डिक्कीतही मावते. बसलेल्याला ती स्वतः फिरवता येत नाही, आणि खडबडीत जमिनीवर तिची छोटी चाकं अडकतात. म्हणून घरात मोठी आणि प्रवासाला छोटी, अशी जोडी काही घरं ठेवतात.

वॉकर मिटून पातळ होतो, पण उंच राहतो. चारपायी काठी मिटत नाही. कमोड खुर्ची, ऑक्सिजनचं यंत्र, डायपरची पिशवी, असं जे जे सोबत जातं ते सगळं यादीत घ्या. बॅटरीची व्हीलचेअर असेल तर बॅटरी काढून दोन तुकड्यांत उचलता येते का, हे खुर्ची घेतानाच विचारायला हवं.

४. घराचं दार आणि रस्ता

गाडी घरात कुठपर्यंत येते? जुन्या वस्तीत गल्ली अरुंद असते आणि गाडी भिंतीला चिकटून लावावी लागते. तिथे दार अर्धंच उघडतं. ओटा असेल तर गाडी ओट्याशेजारी लावल्यावर दार ओट्याला घासतं का, तेही पाहा.

पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती चाकांना चिकटते, मग खुर्ची तशीच डिक्कीत जाते. डिक्कीत अंथरायला एक जाड ताडपत्री कायम ठेवा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत सीटबेल्टचं लोखंडी बक्कल आणि व्हीलचेअरचा हात दोन्ही चटका देतात. रेक्झिनच्या सीटवरून सरकायला सोपं जातं, पण ती तापते. कापडी सीट कमी तापते, पण तिच्यावर लुगडं किंवा पायजमा अडतो. दोहोंपैकी काय निवडायचं हे आईच्या नेहमीच्या कपड्यांवरून ठरवा.

बागाईतदाराच्या घरातली एक खास अडचण म्हणजे संत्र्याचा हंगाम. आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला की हीच गाडी कॅरेट वाहायलाही जुंपली जाते. नेमक्या त्या दिवशी बाबांची दवाखान्याची तारीख निघते आणि डिक्कीत खुर्चीला जागा नसते. गाडी एकच असेल तर कॅरेटसाठी दुसरी सोय आधीच बघून ठेवा.

५. दार किती उघडतं

आता शोरूमकडे वळू. पहिली गोष्ट दार. ते किती अंशात उघडतं आणि उघडल्यावर कोणत्या टप्प्यावर थांबतं ते बघा. टाटाच्या अल्ट्रोझ आणि पंचची दारं ९० अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनात उघडतात. व्हीलचेअर सीटजवळ आणायला अशा दाराचा चांगला उपयोग होतो. मारुती इकोची मागची दारं सरकती आहेत. अरुंद गल्लीत त्यांना बाजूला जागा लागत नाही.

दुसरी गोष्ट उंबरा, म्हणजे दाराखालची उभी पट्टी. तो किती उंच आहे आणि किती रुंद? सीट बरोबर उंचीची असूनही उंबरा रुंद असला, तर पाय बाहेर जमिनीवर टेकत नाहीत आणि अंग पुढे लोटावं लागतं. नऊवारीचा काठ किंवा साडीच्या निऱ्या याच उंबऱ्यावर अडकतात.

तिसरी गोष्ट वरची चौकट. बसताना डोकं तिला लागतं का? मागच्या बाजूला छप्पर उतरतं ठेवलेल्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण मागच्या सीटवर बसताना मान वाकवावी लागते.

चौथी गोष्ट आधार. दारावर आतून धरायचा दांडा प्रत्येक दाराला असतोच असं नाही. स्वस्त मॉडेलमध्ये तो गाळलेला असू शकतो. तसं असेल तर दाराच्या खिट्टीच्या कडीत अडकवायचा सुटा दांडा बाजारात मिळतो. तो उठताना आधाराला येतो. उघडं दार धरून उठण्याची सवय मात्र मोडा. दार हलतं आणि माणूस पडतो.

६. डिक्कीचे लिटर विसरा

डिक्कीची क्षमता लिटरमध्ये सांगतात. वॅगनआरची ३४१ लिटर, तिसरी रांग काढल्यावर रेनो ट्रायबरची ६२५ लिटर. आकडे खरे असतात, पण व्हीलचेअर पाण्यासारखी ओतता येत नाही. तिला रुंदी लागते आणि मागच्या दाराचं तोंड मोठं लागतं.

म्हणून टेप घेऊन तीन मापं घ्या. दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी. मागच्या दाराच्या तोंडाची सर्वांत अरुंद जागा. आणि डिक्कीच्या ओठाची, म्हणजे मालाला ओलांडाव्या लागणाऱ्या खालच्या कडेची, जमिनीपासूनची उंची. ओठ जेवढा उंच तेवढी खुर्ची जास्त उचलावी लागते. ओठापासून डिक्कीचा तळ खोल असेल तर खुर्ची बाहेर काढताना पुन्हा वर ओढावी लागते. कंबर धरते ती तिथेच.

छोट्या गाडीत खुर्ची उभी राहत नाही, तेव्हा मागच्या सीटची अर्धी पाठ पाडावी लागते. ती पाठ ६०-४० अशी दोन भागांत पडते की अखंड, हे पाहा. अखंड असेल तर खुर्ची ठेवली की मागे कोणीच बसू शकत नाही. मग बाबांसोबत आई कुठे बसणार?

सीएनजी घ्यायची असेल तर इथे थांबा. डिक्कीत एकच मोठी टाकी बसवलेली असेल तर व्हीलचेअरला जागा उरत नाही. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझ आणि पंचमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी आडव्या बसवल्या, ह्युंदाईने २०२४ मध्ये एक्स्टरमध्ये तशीच सोय दिली. अशा गाड्यांत सामानाला जागा शिल्लक राहते, पण डिक्कीचा तळ वर आलेला असतो. तेव्हा खुर्ची घालून पाहिल्याशिवाय त्यांच्यावरही भरवसा ठेवू नका. जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाने बाहेरून टाकी बसवली आहे का ते डिक्की उघडून बघा आणि तिची नोंद आरसी बुकात आहे का ते तपासा.

डिक्कीत ठेवलेली खुर्ची पट्ट्याने बांधा. अचानक ब्रेक लागला तर १८ किलोचं लोखंड पुढच्या माणसाच्या मानेवर येऊ शकतं. मागच्या सीटवर ठेवावी लागली तर ती सीटबेल्टमधून ओवून घ्या.

७. टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा

शोरूमची फरशी गुळगुळीत असते, गाडीच्या चारही बाजूंना मोकळी जागा असते, वर एसी असतो. तिथे सगळंच जमतं. विक्रेत्याला सांगा, टेस्ट ड्राइव्हची गाडी काटोलला घरी पाठवा. बरेच विक्रेते पाठवतात.

गाडी आली की नेहमीच्या जागी लावायला सांगा. आईला तीनदा बसवा आणि तीनदा उतरवा. पहिल्यांदा नवलाईत सगळं होऊन जातं, तिसऱ्यांदा खरा त्रास दिसतो. शक्यतो संध्याकाळी बोलवा, कारण दिवसभराने गुडघे दुखत असतात. नंतर अर्धा तास फिरवून आणा आणि परत आल्यावर उतरताना बघा. खूप वेळ बसून आखडलेला माणूस उतरतो कसा, हे नागपूरहून परतताना रोज बघायचं असतं.

व्हीलचेअर रोज जो उचलणार आहे त्यालाच उचलू द्या. विक्रेत्याचा तरुण पोऱ्या ती एका हाताने आत टाकून दाखवेल. त्यावरून काही ठरवू नका.

अजून एक चूक होते. टेस्टची गाडी वरच्या मॉडेलची असते, आपण बुक करतो खालचं. सीटची उंची वर-खाली करायची सोय वरच्या मॉडेलमध्ये असते, तीसुद्धा बऱ्याचदा फक्त ड्रायव्हरच्या सीटला. आपण जे मॉडेल घेणार तेच बसून पाहायला मागा.

८. बसायची पद्धत ठरवा

पुढची डावी सीट बहुतेकांना सर्वांत सोयीची. पाय पसरायला जागा असते आणि उतरताना रस्त्याची कड लागते. बसवण्याची रीत अशी.

सीट पूर्ण मागे सरकवा आणि पाठ थोडी कलती करा. व्हीलचेअर गाडीशी तिरकी लावा आणि दोन्ही ब्रेक लावा. पायाच्या पट्ट्या वर उचला किंवा काढून ठेवा. या पट्ट्यांना पाय अडकून पडण्याचे प्रकार फार होतात.

लकव्याचा माणूस असेल तर चांगली बाजू गाडीकडे ठेवा, म्हणजे जोर चांगल्या पायावर येतो. उभं करताना त्यांना आपल्या मानेला मिठी मारू देऊ नका. घसरले तर दोघंही पडतात. कंबरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, किंवा काखेखालून पाठीला आधार द्या.

आता त्यांची पाठ सीटकडे करा. पोटऱ्यांना सीटची कड लागली की हळूच बसवा. बसताना आपला एक हात वरच्या चौकटीवर ठेवा, म्हणजे डोकं लागलं तरी हाताला लागतं. आधी बूड टेकतं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळतात. एक पाय आत टाकून मग बसणं तरुणांसाठी ठीक. म्हाताऱ्या गुडघ्याला तो पीळ सोसत नाही.

पाय वळवणं सोपं व्हावं म्हणून काही घरांत सीटवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा गोल फिरती गादी ठेवतात. बसून झालं की ती काढून घ्या. तशीच राहिली तर ब्रेक लागताच माणूस पट्ट्याखालून घसरतो. पदर आणि ओढणी बाजूला करून बेल्ट खांद्यावरून आणि ओटीपोटाच्या खालच्या हाडावरून घ्या, पोटावरून नको.

९. ड्रायव्हर कोण

बाबांना अजून स्वतः चालवायची असेल तर ते एकदम मोडीत काढू नका. डावा पाय कमजोर असेल तर क्लच नसलेली गाडी घ्या. ॲटोमॅटिक किंवा एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी. उजवा पाय किंवा नजर कमजोर असेल तर मात्र डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

लायसन्सचंही बघून ठेवा. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि सोबत डॉक्टरचं फॉर्म १-ए प्रमाणपत्र लागतं. काटोलचं काम नागपूर ग्रामीण आरटीओकडे, म्हणजे एमएच-४० कडे येतं.

१०. जादा सोयी आणि कायदा

फिरती सीट, म्हणजे दाराकडे वळून माणसाला बाहेर तोंड करून बसू देणारी सीट, आता भारतातही मिळते. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगनआरसाठी ती निवडक शहरांतल्या शोरूममध्ये आणली. जुन्या गाडीतही ती बसवता येते. ती घेताना दोन गोष्टी विचारा: सीटची उंची किती वाढते, आणि मूळ सीटबेल्ट तसाच राहतो का.

जे उभेच राहू शकत नाहीत त्यांना खुर्चीसकट गाडीत चढवण्याचा विचार येतो. इथे उताराचं गणित समजून घ्या. व्हीलचेअरसाठी सोपा मानलेला उतार एकास बारा असतो. गाडीचा तळ ६० सेंटिमीटर उंच असेल तर तेवढ्या सोप्या उतारासाठी ७ मीटर २० सेंटिमीटर लांबीची फळी लागेल. दोन मीटरची फळी लावली तर उतार तिपटीहून जास्त चढा होतो आणि एका माणसाला ढकलणं जमत नाही. म्हणून अशा गाड्यांना तळ खाली घ्यावा लागतो किंवा यांत्रिक लिफ्ट लावावी लागते. शिवाय आत खुर्ची जमिनीला चार ठिकाणी आवळायला हवी. गल्लीतल्या वेल्डरकडून करून घ्यायचं हे काम नव्हे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला कायद्यात जागा आहे, पण नोंद करून. बदल करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

११. सवलतींचा खरा हिशोब

पूर्वी ४० टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग असणाऱ्यांना छोट्या गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के आहे. त्यामुळे “सर्टिफिकेट काढून दहा टक्के वाचवून देतो” असं कोणी म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका. त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के कर आहे, तो बजेटमध्ये धरा.

गाडी दिव्यांग व्यक्तीच्या नावावर घेत असाल तर नोंदणी अर्जात मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय २०२० पासून आहे. तो भरायला सांगा. एजंट घाईत तो तसाच सोडतात. टोलची माफी दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या किंवा बदललेल्या वाहनाला असते. साध्या गाडीत व्हीलचेअर ठेवली म्हणून टोल माफ होत नाही. नुसतं म्हातारपण म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, आणि वैद्यकीय तपासणी लागते.

साधन घ्यायलाच पैसे कमी पडत असतील तर दोन योजना माहीत असू द्या. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्यात कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर अशी साधनं शिबिरांतून मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि वर्षाला दोन लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात जमा होतात.

१२. बुकिंग आणि पहिला आठवडा

दोन-तीन गाड्या पाहून झाल्या की वहीत एक तक्ता करा. डाव्या बाजूला आई-बाबांची गरज, समोर प्रत्येक गाडीत ती भागली की नाही. ॲव्हरेज आणि रंग सगळ्यात खाली. मग तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांना निवडू द्या. बसायचं त्यांना आहे.

बुकिंगच्या पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. डिलिव्हरीच्या दिवशी व्हीलचेअर सोबत न्या. गाडीच्या पूजेचा नारळ फोडण्याआधी ती डिक्कीत घालून, बांधून, बाहेर काढून बघा. स्टेपनी, हत्यारांची पेटी किंवा गोणपाटासारखी जादा मॅट यांमुळे टेस्टच्या वेळी मावलेली खुर्ची अडते, असं होऊ शकतं.

पहिल्या आठवड्यात थेट नागपूर गाठू नका. आधी काटोलच्या बाजारापर्यंत, मग कोंढाळीपर्यंत असे छोटे फेरे मारा. नेणारी माणसं दोन असतील तर दोघांनाही बसवायची रीत सारखीच शिकवा, नाहीतर बाबा एकाला उजवा हात देतात आणि दुसरा डावा मागतो. गाडीत सुटा दांडा, कंबरेचा पट्टा, ताडपत्री, पाण्याची बाटली, औषधांची यादी आणि व्हीलचेअरच्या चाकात हवेची ट्यूब असेल तर छोटा पंप एवढं कायम ठेवा. आणि दर सहा महिन्यांनी पहिल्या पायरीवरचा प्रश्न पुन्हा विचारा. कुठे अडतं याचं उत्तर बदललं असेल, तर सीट, दांडा किंवा खुर्ची यांतलं काय बदलायचं ते तेव्हा ठरवता येतं. दर वेळी नवी गाडी घ्यावी लागत नाही.